कुनीतरी जागं हाय

बोनेट उघडलं की चाचा आधी बॅटरीवर तळहात ठेवायचे, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा. मग डोळे मिटून सांगायचे, "गाडी झोपलीया, पर कुनीतरी जागं हाय."

वाईत सातारा रस्त्याला त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. आपल्याच गाडीसमोर आपल्याला अडाणी ठरवणारा असा एक माणूस तुमच्याही गावात असेलच. एका डॉक्टरांच्या गाडीची बॅटरी रोज उतरायची, तर चाचांनी त्यांनाच डिकीत बसवून वरून झाकण लावलं.

"डिकीतला दिवा इझला का वो?"

"नाही!" आतून आवाज आला.

"मग घावला चोर!" त्या आनंदात डॉक्टरांना बाहेर काढायचं राहून गेलं. त्यांनी आतून लाथा घातल्या तेव्हा आठवण झाली.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी एक जुनी मिनीबस घेऊन तिचं फिरतं घर केलं. पलंग, शेगडी, पंखा, इन्व्हर्टर, सगळं आलं. हौस माझी, निमित्त आईचं. तिची धाकटी बहीण सांगलीला अंथरुणाला खिळलेली, आणि आईच्या कमरेला अर्धा ताससुद्धा बसवत नव्हतं. झोपून जाता आलं तरच भेट होणार होती. आणि गाडी दोन दिवस उभी राहिली की किल्ली फिरवल्यावर नुसतं टक्-टक्.

"वाटेत बंद पडणाऱ्या गाडीत मी बसणार नाही," आईने जाहीर केलं. मावशीचा मात्र रोज फोन, "अक्का, कधी येतेस गं?"

शेवटी चाचांना घरी बोलावलं. त्यांनी मीटरचा चिमटा बॅटरीच्या वायरला अडकवला आणि एकेक फ्यूज काढायला सुरुवात केली. आई आत पलंगावर बसून देखरेख करत होती. पंख्याचा फ्यूज काढला, दिव्यांचा काढला, आकडा जागचा हलेना. इन्व्हर्टरचा काढला मात्र, आतून आई ओरडली, "अरे, दिवा विझला!"

चाचा माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर, घावला."

"इन्व्हर्टर तर मी रोज आठवणीनं बंद करतो!"

"आणि मी चालू करते," आई म्हणाली. पलंगाच्या उशाशी तिनं गणपती ठेवला होता, त्याच्यापुढे विजेचा दिवा. "अखंड दिवा आहे तो. पण तुझी गाडीच मेली अशी, दर दोन दिवसांनी विझवते!"

मला हसावं की रडावं कळेना. चाचा हसले नाहीत. चपला काढून आत गेले.

"आवं आई, दिवा लय गरीब हाय, त्यो काय खात न्हाई. खातोय त्यो ह्यो इन्व्हर्टर."

त्यांनी फ्यूज परत बसवून आईचा दिवा आधी लावला. मग एक बारका लाल दिवा थेट बॅटरीवर जोडला, आणि तो नीट लागल्यावरच जुना बंद केला. मध्ये क्षणभरही देवापुढे अंधार पडला नाही.

"बाकी समद्यास्नी झोपू द्या. ह्यो एक जागा ऱ्हाऊ दे."

दोन दिवसांनी गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. सांगलीत दोघी बहिणी चार दिवस हातात हात घेऊन भांडल्या. मावशीची ती शेवटची भेट.

चाचा गेल्या वर्षी गेले. बोनेट उघडताना मला त्यांची फार आठवण येते. परवा नव्या मेकॅनिकनं मीटर लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काका, थोडा करंट जातोय. कुठला तरी दिवा चालू राहिलाय. तोडू का वायर?"

"नको," मी म्हणालो. "कुनीतरी जागं हाय."