आमच्या साडूची सिस्टीम

दहिसर चेकनाक्यापासून मुलुंड चेकनाक्यापर्यंत आमच्या साडूइतका निःस्वार्थी छळवादी माणूस दुसरा सापडणार नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे. हा माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. तो बोरिवलीला, मी मुलुंडला. मधे एक आख्खं नॅशनल पार्क आहे, त्यात बिबटे आहेत, तरी हा माणूस माझ्यापर्यंत पोचतोच. दारू नाही, सिगारेट नाही, साधा पानाचा शौक नाही. व्यसन एकच, लिनक्स. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॉम्प्युटर चालू केला की आधी जी सिस्टीम जागी होते आणि मग बाकी सगळं चालवते, ती तुमच्याआमच्याकडे कुठल्या तरी कंपनीची, विकतची असते. लिनक्सला असा कुणी मालक नाही. जगभरची माणसं ती मिळून बनवतात, दुरुस्त करतात आणि वाटून टाकतात, त्यातली कितीतरी नुसती हौसेपोटी. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. जगभरच्या माणसांनी काय करावं हा त्यांचा प्रश्न. पण त्यातला एक दर महिन्याला माझ्याकडे जेवायला येतो, ही माझी तक्रार आहे.

त्याच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला, लिनक्स भरलेला पेन ड्राइव्ह असतो. मेहुणी म्हणते, "मी मंगळसूत्र तरी कधीमधी काढून ठेवते, हा त्याचं काढत नाही." सत्यनारायण असो, बारसं असो, तीर्थप्रसाद घेतला की याची नजर घरभर फिरायला लागते. मग यजमानांना बाजूला घेऊन, डॉक्टरनं विचारावं तशा आवाजात विचारतो, "हळू झालाय का हो?" आता कुणाचा कॉम्प्युटर हळू झालेला नसतो? माणूस भोळेपणानं म्हणतो, "हो, जरा." संपलं! वाट लागली त्याची. पंगत उठेपर्यंत त्याच्या कॉम्प्युटरचा धर्म बदललेला असतो आणि जुने फोटो कुठे गेले म्हणून त्याची बायको रडवेली झालेली असते. फोटो सापडतात, हे मी कबूल करतो. पण ज्या दिवशी हवे असतात त्या दिवशी नाही. आता तर नात्यात हा येणार कळलं की लोक लॅपटॉप गादीखाली सरकवतात. आमच्या मामेसासऱ्यांनी एकदा तांदळाच्या डब्यात ठेवला होता, तर यानं तिथूनही तो शोधून काढला आणि वर त्यांनाच झापलं की तांदळाची पूड पंख्यात जाते.

माझं घर अर्थातच पहिल्या फटक्यात बाटलं. तोवर आमचा प्रिंटर गुणी होता. सिस्टीम बदलली आणि तो जो रुसला तो रुसलाच. मुलीचा शाळेचा प्रोजेक्ट दुसऱ्या दिवशी द्यायचा, मी तणतणत याला फोन केला. हा शांतपणे म्हणतो, "दोष सिस्टीमचा नाही. प्रिंटर बनवणाऱ्यांनी आतली माहिती उघड केलेली नाही." अरे, पण मला प्रिंट हवीय ना! मला कुणावर खटला भरायचा नाहीये! शेवटी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. हा माणूस मात्र नंतर महिनाभर त्या प्रिंटरच्या मागे लागला, आणि एके दिवशी खरोखर तो सुरू झाला. तेव्हा आमच्याकडे छापण्यासारखं काहीही नव्हतं. यानं मोठ्या अभिमानानं गणपतीचं एक चित्र छापून दिलं, आणि तेही काळंपांढरं.

बरं, फोनवर मदत मागावी तर तीही सरळ देणार नाही. मी अंधेरीला ऑफिसात, बायको घरी, कॉम्प्युटरवर काहीतरी तांबडं येऊन बसलंय, मी मधल्यामधे सँडविच. साडू विचारतो, "काय लिहिलंय?" मी म्हणतो, "काहीतरी एरर आहे रे." "काहीतरी नाही. पूर्ण वाच." मग मी बायकोला फोन करून ते इंग्रजी अक्षर अक्षर लिहून घेणार आणि ऑफिसात सगळ्यांसमोर याला मोठ्यानं वाचून दाखवणार. मग हा म्हणणार, "हां. आता तूच सांग, यात काय म्हटलंय?" अरे, मी काय शाळेत आहे का? पण हा हात लावणार नाही म्हणजे नाही. "मी करून दिलं तर ते माझं होईल. तू केलंस तर तुझं." असं काही ऐकलं की माझं डोकं सणकतं.

एकदा मी वैतागून विचारलं, "मला एक सांग, बाकीचं जग वापरतं ते सोडून हे असलं लचांड माणूस का घेतो?" आम्ही पानावर होतो. यानं भातात आमटीचं आळं केलं आणि सुरू झाला. त्यांच्या गावी, कणकवलीच्या पुढे, पावसाळा संपला की वाडीतले सगळे मिळून ओढ्यावर साकव, म्हणजे छोटा लाकडी पूल, घालतात. कुणी माडाचं खोड देतो, कुणी दोर, कुणी नुसताच घाम. "त्याचो मालक कोण?" तावात आला की हा मालवणीवर जातो. "जो वलांडता तो!" सासूबाई कोपऱ्यात जेवत होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "आणि मोडला तर?" हा म्हणाला, "मोडतोच. परत घालायचा. पण कुणाची परवानगी लागत नाही." सासूबाई म्हणाल्या, "असं होय," आणि ताक मागितलं.

त्या आमच्याकडेच असतात. आयुष्यभर सरकारी कचेरीत मराठी टायपिस्ट होत्या. साहेब बोलत असताना त्यांची बोटं एक शब्द पुढे असायची म्हणे. रिटायर झाल्यावर काचबिंदूनं डोळे गेले. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. बाई खमकी, रडणारी नाही. पण लिहिणं थांबलं ते त्यांना फार लागलं. त्यांची एक जुनी मैत्रीण भांडुपला असते, दोघी कचेरीत एका टेबलावर वाढलेल्या. तिच्याशी मेसेजवर कडाक्याचं भांडण चालू असल्याशिवाय सासूबाईंना जेवण जात नाही. तो मजकूर मी लिहायचा. त्या सांगणार, मी फोनवर टाइप करणार. आता त्यांचं बोलणं इतकं तिखट, की जावई या नात्यानं मला ते लिहिणं जिवावर यायचं. मी आपलं थोडं मऊ करायचो. एके दिवशी मैत्रिणीचा उलट मेसेज आला, "हल्ली फार गोड बोलतेस, तब्येत बरी आहे ना?" तो मलाच वाचून दाखवावा लागला.

सासूबाईंनी माझ्या दिशेनं मान वळवली. मग म्हणाल्या, "तुम्ही मधलं बदलता."

बायको म्हणाली, "आई, फोनला नुसतं बोललं तरी तो लिहितो गं. शिकवते तुला." त्यावर सासूबाई उसळल्या. "बोलू म्हणजे? दोन खोल्यांच्या घरात? मी मैत्रिणीला काय सांगते ते आख्ख्या घरानं ऐकायचं? आणि तुला सांगते, तीस-पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांनी बोललेलं टाइप केलंय. एकदा मला माझं टाइप करायचंय."

हे साडूच्या कानावर गेलं आणि पुढच्याच शनिवारी स्वारी दारात हजर. एक जुना लॅपटॉप, त्याला जोडायला जाड बटणांचा कीबोर्ड, आणि गळ्यात तो ताईत. सिस्टीममध्ये एक आवाज होता, जे टाइप होईल ते मराठीत बोलून दाखवणारा. सर्दी झालेल्या माणसाचा असावा तसा. सासूबाई ऐकून हसल्या, "याचं नाक चोंदलंय." मग खुर्ची पुढे ओढली, पदर खोचला, बोटं बटणांवर ठेवली आणि टाइप करायला लागल्या. काय तो वेग! आम्ही बघत राहिलो. आवाज मात्र भलतंच बरळायला लागला. एका शब्दाला अर्थ नाही. त्या थांबल्या, परत केलं. परत तेच. तिसऱ्यांदा सावकाश, एकेक बटण चाचपून केलं. मग हात काढून मांडीवर ठेवले आणि बारीक आवाजात म्हणाल्या, "बोटंसुद्धा गेली हो माझी."

बोटं कुठली जाताहेत! या शहाण्यानं संगणकावरची प्रमाणित मराठी अक्षरजुळणी लावून ठेवली होती. टाइपरायटरवर अक्षरं वेगळ्याच जागी असतात. मी विचारलं तर हा समजवायला लागला, की टाइपरायटरची जुळणी जुनी, ही शास्त्रशुद्ध, सगळीकडे हीच मान्य, महिनाभरात शिकतील की आई. मी आयुष्यात इतका कधी चिडलो नव्हतो. "अरे गाढवा, आंधळी बाई आहे ती! तिच्याकडे तेवढीच दहा बोटं शिल्लक आहेत, आणि तीही तू चूक ठरवतोस? आम्हाला एवढी प्रवचनं झोडलीस ना, कुणी कुणावर काही लादू नये म्हणून? मग हे काय आहे?"

साडू उठला. चहा आला होता तो तसाच ठेवून, पायात चप्पल अडकवून गेला. बायको मला म्हणाली, "फार बोललास तू." असेन. पण सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

पुढच्या शनिवारी बेल वाजली. दारात साडू घामाघूम, आणि त्याच्या हातात पोत्यात गुंडाळलेलं एक भलं मोठं धूड. जोगेश्वरीतल्या एका बंद पडलेल्या टायपिंग क्लासच्या माळ्यावरून मराठी टाइपरायटर उचलून आणला होता. तो त्यानं सासूबाईंपुढे ठेवला आणि मांडी घालून खाली बसला. म्हणाला, "आई, माझं चुकलं. आता तुम्ही सांगा, कुठलं अक्षर कुठे आहे. मी तसं करतो." सासूबाईंनी हात पुढे केले. यंत्राला बोटं लागली मात्र, चेहरा असा काही बदलला की बायको उठून आत गेली.

मग कितीतरी शनिवार हेच. हिंदी टाइपरायटरची जुळणी कुणीतरी आधीच करून ठेवलेली त्याला मिळाली होती, पण मराठी यंत्रावरच्या काही जागा निराळ्या. त्या म्हणायच्या, "नाही, ते उजव्या करंगळीखाली." हा म्हणायचा, "असं?" "नाही हो, वरच्या ओळीत." "बरं, आता बघा." टाइपरायटरवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारतात आणि कॉम्प्युटरला ती नंतर लागते, या एका गोष्टीनं त्याच्या नाकी नऊ आणले. पण एकदासुद्धा "तुम्ही सवय बदला" म्हणाला नाही. सगळ्या जगाशी वाद घालणारा हा माणूस सासूबाईंच्या बोटांशी वाद न घालता बसून होता, आणि मी मुकाट्यानं त्याला घावनं वाढत होतो. एकदा मी विचारलं, "एका बाईसाठी एवढं?" तर मान वर न करता म्हणाला, "एका कुठे? झालं की सगळ्यांसाठी टाकून देणार. उद्या नागपूरला, साताऱ्याला कुणा टायपिस्टबाईची नजर गेली, तर तिला असं मांडीवर हात ठेवून बसायला नको." मी आणखी एक घावन वाढलं.

शेवटी तो शनिवार आला. सासूबाईंनी बोटं ठेवली, श्वास घेतला आणि सुरू झाल्या. नाक चोंदलेला आवाज स्वच्छ बोलला, "प्रति, माननीय सचिव महोदय, यांस." बोटं आपणहून कचेरीत जाऊन पोचली होती! आम्ही सगळे हसलो, त्या सगळ्यांत जास्त हसल्या. हसता हसता डोळ्यांना पदर लावला, आणि तो बराच वेळ काढलाच नाही. साडूनं चष्मा काढून शर्टाला पुसला, घातला, परत काढला.

मग त्या म्हणाल्या, "हा आवाज फक्त मलाच ऐकू येईल, असं काही करता येतं का?" त्यानं खिशातून हेडफोन काढून त्यांच्या कानांवर नीट बसवला. आवाज बंद झाला. खोलीत नुसती बटणं वाजायला लागली.

"आता तुम्ही दोघंही बाहेर जा," सासूबाई म्हणाल्या. "आणि दार ओढून घ्या."

आम्ही दोघं जावई पॅसेजमध्ये उभे राहिलो. दोन वर्षं त्यांचा शब्द न् शब्द माझ्या हातून गेला होता. मी रोज कुरकुर केली होती, आणि आता तेच हात रिकामे झाल्यावर मला चक्क वाईट वाटत होतं. दाराआड बटणं थांबत नव्हती. साडूकडे पाहिलं तर तो पठ्ठ्या भिंतीला टेकून, डोळे मिटून नुसता ऐकत होता. आत काय लिहिलं जातंय ते त्यालाही कळत नव्हतं, मलाही नाही. एवढ्याचसाठी त्यानं ते सगळे शनिवार घातले होते.