पंचवीस फूट पाण्याखाली गेलेला डावा कान

"पडद्याला भोक पडलंय," नांदेडचे कानाचे डॉक्टर म्हणाले. मग कपाळावरचा दिवा वर सारून त्यांनी विचारलं, "आणि आत हे तेल कोणी घातलं?"

"आत्यानं. लसूण टाकून, कढवून."

"आत्यांना नमस्कार सांगा. बाटली तेवढी लपवून ठेवा."

एरवी मी हसलो असतो. पण मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो, कारण शब्द निम्मेच पोचत होते. माझा उजवा कान लहानपणी वाहून वाहून निकामी झाला. उरला होता डावा, आणि भोक नेमकं त्यालाच पडलं होतं.

मी कुरुंद्याचा. वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, एका व्यापाऱ्याकडे हळद पारखतो. हळकुंड नीट वाळलेलं असेल तर मोडताना खणकन वाजतं, ओलसर असेल तर मुकं मोडतं. रंग डोळ्यांना कळतो, ओल कानाला. उजव्या कानाचं मी कोणाला कळू दिलं नव्हतं; उजवा खांदा भिंतीला लावून बसलं की भागायचं. आता हंगाम दोन महिन्यांवर आला होता.

हळदीच्या माणसाचा समुद्राशी संबंध काय, तर सहल. मोंढ्यातले आम्ही चौघे जानेवारीत कोकणात गेलो. मालवणला तेव्हा स्कूबा नव्यानंच सुरू झालं होतं. पाठीवर हवेचं नळकांडं बांधायचं, नळी तोंडात धरायची आणि खाली जायचं. उतरण्याआधी तिथल्या शिकवणाऱ्यानं विचारलं, "सर्दी आहे का कोणाला?" मला होती, दोन दिवस नाक चोंदलेलं होतं. मी म्हणालो, "नाही." किनाऱ्यापर्यंत येऊन सर्दीसाठी परत फिरणं मला शोभेना.

खाली जाताना नाक दाबून हळूच हवा कानात ढकलायची, असं त्यानं शिकवलं होतं. माझी हवा काही जाईना. दहा फुटांवर कानात कोणी पेन्सिल खुपसतंय असं वाटू लागलं. समोर कॅमेरेवाला होता. मी बोटांची गोल खूण केली, म्हणजे सगळं ठीक. पंचवीस फुटांवर कानात टप्पकन काहीतरी झालं, आत गार पाणी शिरलं आणि समुद्र क्षणभर माझ्याभोवती फिरला. गंमत म्हणजे त्यानंतर दुखणं कमी झालं. मला वाटलं, कान मोकळा झाला.

बुधवारी घरी पोचलो तेव्हा कान ठणकत होता. बायको सुमन म्हणाली, "उद्याच नांदेड गाठा."

"रविवारी सत्कार आहे. सोमवारी जातो."

शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमांची टवाळी करण्यात माझी निम्मी हयात गेली. पण गल्लीतल्या मंडळानं समुद्रात बुडी मारून आलेल्यांचा सत्कार ठरवला, तेव्हा माझ्या तोंडून हे वाक्य निघालं. सोमवारपर्यंतची सोय म्हणून आत्यानं तेल घातलं. "तेलानं कोणाचं वाईट झालं व्हय रे?" तिनं विचारलं. मीही रोज डोकं तिरकं करून बसलो.

रविवारी आम्ही चौघे मंचावरच्या खुर्च्यांवर बसलो. पाण्यात दोघंच उतरलो होतो, शाली चौघांना मिळाल्या. वक्ते आम्हाला अरबी समुद्राच्या तळाला हात लावून आलेले वीर म्हणत होते, असं मला नंतर कळलं. कारण कर्णा माझ्या डाव्या बाजूला हातभर अंतरावर होता आणि भाषण शेजारच्या गावातून आल्यासारखं वाटत होतं. टाळ्या दिसत होत्या, ऐकू येत नव्हत्या.

मी खाली उतरलो. सुमन जवळ आली. "काहून असे बघून राहिले?"

"मला ऐकू येईना."

"आणखी मोठ्यानं बोलू?"

"तू मोठ्यानंच बोलून राहिलीस का?"

तिनं होकारार्थी मान हलवली. शालीवर पिवळट डाग पडला होता. कान वाहत होता. सकाळच्या पहिल्या गाडीनं आम्ही निघालो.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. याला बॅरोट्रॉमा म्हणतात, म्हणजे दाबामुळे झालेली इजा. कानाच्या आतून घशात उतरणारी एक नळी असते, युस्टेशियन ट्यूब. ती पडद्याच्या दोन्हीकडचा दाब सारखा ठेवते. सर्दीत ती बंद होते, बाहेरून पाणी दाबत राहतं आणि पडदा फाटतो. त्या भोकातून तेल आणि जंतू आत गेले.

"गुरुवारीच आलो असतो तर?" मी विचारलं.

"तर मी फक्त भोक बघितलं असतं. आता पूही बघतोय."

मग ऑडिओमेट्री झाली, म्हणजे बंद खोलीत कानाला यंत्र लावून ऐकण्याची मोजणी. आवाज आला की बटण दाबायचं. मी बराच वेळ बटणावर अंगठा ठेवून नुसता बसलो होतो.

डॉक्टरांकडून कळलं ते सांगतो: बुडीनंतर कान दुखला की कारण हेच असेल असं नाही. कधी मळ फुगतो, कधी बाहेरच्या नळीला जंतुसंसर्ग होतो. सगळ्यात वाईट म्हणजे आतल्या कानाला इजा. मग चक्कर थांबत नाही किंवा ऐकू येणं एकदम जातं. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. कोणतं कारण आहे हे घरी कळत नाही, आत्यालाही नाही. आणि सर्दी असेल तर उतरूच नका.

भोक आपोआप भरायला डॉक्टरांनी मला सहा आठवडे दिले होते. तोवर भरलं नाही तर टिंपॅनोप्लास्टी, म्हणजे पडद्याला शस्त्रक्रियेनं ठिगळ. मी ठरवलं, आपल्या हातून चूक होऊ द्यायची नाही. कानात व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा घालून आंघोळ केली, नाक शिंकरलं नाही, गोळ्या चुकवल्या नाहीत. आत्या आठवडाभर रुसली, मग तिनंच पोराबाळांना दम दिला, "त्याच्या कानाजवळ पाणी नेऊ नका रे!"

सहाव्या आठवड्यात डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. "भरलंय. पण बारीक आवाज थोडे गेलेत, ते येणार नाहीत." मी त्यांचे हात धरले. त्यांनी सोडवून घेतले, कारण बाहेर अठरा जण बसले होते.

हंगामाच्या पहिल्या दिवशी बंजाऱ्यांच्या तांड्यावरचे एक म्हातारे शेतकरी पोती घेऊन आले. मी हळकुंड मोडलं. वाजलं की नाही, खात्री होईना. पूर्वीचा मी असतो तर रंग बघून ठोकून दिलं असतं. मी भिंतीपासून सरकलो.

"बाबा, मला नीट ऐकू आलं नाही. आणखी एक मोडू?"

"मोडा की," ते म्हणाले. "मलाबी कमीच येतंय. दोघं मिळून ऐकू."