काकांचे संदेह

काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाचियारकोविलच्या बसमध्ये होते, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "नक्की ना? डॉक्टरांनी लिहून दिलंय?" फोनवर माधव होता, माझा नवरा. नवऱ्याच्या सख्ख्या काकाच्या मरणाचा दाखला मागणारी बायको आपल्या वाट्याला यावी, असं त्याला वाटलं असणार. पण ही खोड मला काकांनीच लावली होती. जन्मभर कुंभकोणमच्या दस्तनोंदणी कचेरीत कारकुनी केलेला माणूस तो. सही दिसली की ती कुणाची, शिक्का दिसला की तो खरा का, आणि कुणी हसून बोललं की का हसतोय... सगळ्याच्या मुळाशी जायचं. आता दोन महिने होत आले. अजून मी दूधवाल्याकडेसुद्धा संशयानं बघते.

मी साताऱ्याची. लग्न करून इथं कुंभकोणमला आले तेव्हा काकांची मराठी ऐकून मला हसू आवरेना. "मज", "कशास", "बहुत", आणि मध्येच तमिळ शब्द! तीनशे वर्षांपूर्वी घराणं तंजावरला आलं आणि भाषा तिथंच थांबली. काकू लवकर गेलेल्या, मूलबाळ नाही, म्हणून ते आमच्याकडेच मागच्या खोलीत राहायचे. आम्हालाही मूल होईना. डॉक्टर, नवस, सगळं झालं, आणि शेवटी आम्ही दत्तक घ्यायचं ठरवलं. हल्लीच्या रीतीनं, सरकारी संकेतस्थळावर नाव नोंदवून. काकांना वाटलं होतं तसं होम करून, एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर मूल ठेवून नव्हे. नात्यातलं मूल असेल तर तसं चालतं म्हणे. आम्हाला नात्यात कुणी देणारं नव्हतं.

नाव नोंदवलं की घराची पाहणी होते. एक समाजसेविका आली. आमची वयं, पगार, दुखणी, भांडणं, सगळं विचारलं. घरातला वडीलधारा म्हणून काकांनाही बोलावलं. ते धोतर सावरत बसले आणि माझ्याकडे बघत, आधी मराठीत आणि मग तिच्यासाठी तमिळमध्ये, स्पष्ट म्हणाले, "मज ह्या दोघांविषयी बहुत संदेह आहेत."

अहो, घरचाच माणूस सरकारी बाईसमोर म्हणतोय, माझा यांच्यावर संशय आहे! मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. पाहणी अर्धी झाल्यावर कामावर, दवाखान्यात, गेलेला माधव संध्याकाळी आला आणि ऐकून पोट धरून हसायला लागला. तमिळमध्ये संदेह म्हणजे साधा प्रश्न, शंका. शाळेतली पोरं बाईंना संदेह विचारतात. काकांना आमच्याविषयी काही विचारायचं होतं, एवढंच. बरं बाई, शब्दाचा अर्थ कळला. पण माणसाबद्दलचा संशय काही गेला नाही. पुढं फाइल रखडली की मला वाटायचं, यांनीच काहीतरी कळवलंय. वर्षभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. कॉफी ठेवायची आणि वळायचं.

मग एका दुपारी फोटो आला. दोन वर्षांची मुलगी, मोठे डोळे. सोबत वैद्यकीय अहवाल, डाव्या कानानं ऐकू येत नाही. हो की नाही कळवायला अठ्ठेचाळीस तास. आता लिहितेच आहे तर खरं लिहिते. ती सबंध दुपार मी 'नाही' म्हणायचं ठरवून बसले होते. माधवला बोलले नाही, कुणालाच नाही. काका दोनदा दारापर्यंत आले, मला बघून परत गेले. संध्याकाळी मी 'हो' म्हटलं. उमा घरी आली.

आधी मूल घरी येतं, आदेश नंतर निघतो. आदेशाच्या दिवशी आम्ही तंजावरला जिल्हाधिकारी कार्यालयात गेलो. न सांगता काकाही बसमध्ये चढले, खिशात प्रश्नांचा घडी केलेला कागद. सुनावणी बंद दाराआड असते, त्यांना आत सोडणार नव्हते, म्हणून त्यांनी बालसंरक्षणाच्या अधिकाऱ्यांना व्हरांड्यातच गाठलं. जन्म देणारीस मन बदलावयास साठ दिवस दिले होते ना? तिजवर कोणी जोर केला नाही ना? सही कोणासमोर जाहली? अधिकारी बिचारे उत्तरं देत होते. मग काका म्हणाले, "शेवटचा संदेह. ही दोघं मूल परत देऊ शकतात काय?"

आदेश निघेपर्यंत कारण लिहून देता येतं, अधिकारी म्हणाले. नंतर फार अवघड, पण वाट आहे.

"म्हणजे वाट आहे," काका म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं.

मी अशी भडकले! उमाला कडेवर घट्ट धरून म्हटलं, "काका, आज तरी नको." पण राग कसला होता ते मला ठाऊक होतं. त्या दुपारचं माझं 'नाही' त्यांनी ओळखलं होतं. संदेह म्हणजे नुसता प्रश्न नव्हता, संशयच होता; माझीच साताऱ्याची मराठी खरी निघाली होती.

उमाशी मात्र पुढची चार वर्षं त्यांचं चांगलंच गूळपीठ जमलं. ती माझ्या मराठीपेक्षा त्यांचीच मराठी बोलायला लागली आणि मी चिडायची...

काकांच्या बाराव्याला कावेरीच्या काठी वाध्यारांनी, म्हणजे इथल्या भटजींनी, विचारलं, "यांच्या वडिलांचं नाव?" माधवनं आपल्या आजोबांचं नाव घेतलं. तेवढ्यात काकांची धाकटी बहीण, यमुनात्या, मागून म्हणाली, "कोणतें सांगतोस? त्यास बाप दोन."

आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं! चार वर्षांचे असताना काकांना तंजावरच्या एका नातलगाकडे दत्तक दिलं होतं. होम झाला, मांडीवर बसवलं. पुढं त्या नातलगाला स्वतःचा मुलगा झाला आणि नऊ वर्षांच्या काकांना, कपड्याच्या पिशवीसकट, इथं दारात आणून सोडलं. "दोन दिवस पायरीवरून उठला नाही, म्हणून अम्मा सांगे," यमुनात्या म्हणाली. वाध्यार म्हणाले, एकदा दिलेलं मूल शास्त्रानं तिकडचंच, परत करताच येत नाही. होम करून घेतलेल्या दत्तकाबाबत कायदाही हेच सांगतो. तेव्हाही सांगत होता. दस्त नोंदवण्यात हयात घालवलेल्या माणसाला हे कळल्यावाचून राहिलं असेल? आपल्याला असं परत करणं कायद्यात बसतच नव्हतं, आणि तरी केलं!

"इथलंच नाव सांगा," मी मध्येच बोलले. बायकांनी तिथं बोलू नये, पण बोलले. माधवनं इथलंच सांगितलं.

परवा त्यांची खोली आवरली. उशीच्या अभ्र्यात एक कागद सापडला, उमाच्या दत्तक आदेशाची झेरॉक्स. मला न विचारता कधी काढली, देव जाणे! घड्यांवर कागद विरलेला. आजपासून हे मूल सर्व बाबतींत या दांपत्याच्या पोटी जन्मल्याप्रमाणे त्यांचेच, अशा अर्थाची जी ओळ आहे, तिच्याखाली लाल पेन्सिलीच्या इतक्या रेघा होत्या की कागद तिथं फाटला होता. मी तिथंच जमिनीवर बसले. उमा येऊन खांद्यावरून डोकावली.

"आजानं हा कागद कशास खराब केला?"

"खात्री करत होते गं. तू इथलीच आहेस ना, याची."

तिनं कागद माझ्या हातातून घेतला, उलटून पाहिला आणि परत दिला.

"मग मज विचारायचं नं," ती म्हणाली.