सेवानिवृत्त म्हणून लिहून द्या

कारखान्यातला आमचा विभाग बंद झाला तेव्हा मला अठ्ठावन्न पूर्ण झाली होती. एकोणीस वर्षं औषधांच्या गोळ्या पास-नापास केल्या आणि शेवटी मीच नापास झालो. एचआरच्या बाईंनी पत्राचा मसुदा पुढे केला. त्यात 'पद रद्द झाल्यामुळे' असं लिहिलेलं. मला ते फार लागलं. म्हटलं, "कंपनीचं पेन्शन आत्ताच सुरू करतो. पत्रात सेवानिवृत्त म्हणून लिहून द्या." बाईंनी दोनदा विचारलं, खात्री आहे ना? मी हट्टी माणूस. आमच्यात काढून टाकलेल्याची कीव करतात आणि निवृत्ताला शाल-श्रीफळ देतात, हे त्या बाईंना कोण समजावणार?

शाल-श्रीफळ मिळालंही. या आयरिश शहरातल्या मराठी मंडळींनी सँट्री उपनगरात एक हॉल घेऊन सत्कार केला. बायकोने त्यातला एक फोटो मोठा करून आणला आणि बाहेरच्या खोलीत, माझ्या आईवडिलांच्या तसबिरींशेजारी लावला. तिथे खिळा मोकळा होता, एवढंच तिचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली, मुलगी कॉलेजला गेली, आणि मी चहा घेऊन समोर बसलो. आई, बाबा आणि त्यांच्या रांगेत मी. खांद्यावर शाल, गळ्यात हार, चेहऱ्यावर कायमचं समाधान. चहा तसाच राहिला.

सकाळी अकरा वाजता आमची इमारत कशी असते हे मला एकोणीस वर्षांत ठाऊक नव्हतं. कुठलं दार वाजत नाही, कुणी खोकत नाही. विमान डोक्यावरून जातं तेव्हा प्रेसमधल्या, म्हणजे इथल्या भाषेत कपाटातल्या, वाट्या किणकिणतात आणि पुन्हा सगळं गप्प. एकदा बायको सुट्टीवर होती, आत नागपूरच्या बहिणीशी फोनवर बोलत होती. "ह्यांचं सगळं छान झालं गं. शेवटपर्यंत हसतमुख होते. लोक पण खूप आले होते." मी दारातच थबकलो. फोन ठेवल्यावर तिला विचारलं तर हसायला लागली. "अहो, सत्काराचं सांगत होते!" मलाही हसायला हवं होतं. हसू आलं नाही.

मग लिफ्टपाशी तळमजल्यावरचे म्हातारे आयरिश आजोबा भेटले. त्यांनी मला नेहमी पहाटे पाहिलेलं, पिवळं जॅकेट आणि हेल्मेट घातलेलं. आता अंगात स्वेटर, त्यात दाढी वाढलेली. ते म्हणाले, "वर तुमच्याकडे तो गृहस्थ, युअर मॅन, राहायचा, पहाटे सहाला निघायचा. बरेच दिवस दिसला नाही. गेला का?"

"हो, गेला," मी म्हणालो.

त्यांनी छातीवर क्रूस काढला. असं का म्हणालो, मला माहीत नाही. पण घरात आल्यावर मी घाबरलो. सगळे दिवे लावले, अगदी भर दुपारी.

दुसऱ्या दिवशी बेकारभत्त्याच्या ऑफिसात गेलो. लवकर घेतलेलं पेन्शन तुटपुंजं होतं. भत्ता मिळाला नसता तर मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष अडलं असतं. पेन्शन आडवं येईल याचीच मला धास्ती होती. काउंटरवरच्या बाई शांत होत्या. म्हणाल्या, "पेन्शनची काही अडचण नाही, ते ग्रँड आहे. तुम्ही इतकी वर्षं पगारातून विम्याचे हप्ते, स्टॅम्प, भरलेत, त्यावरचा भत्ता पेन्शन असलं तरी मिळतो. तो संपल्यावर दुसरा मागितलात, तर मात्र पेन्शन मिळकतीत धरतात. अडचण वेगळी आहे. तुमच्या पत्रात रिटायर्ड लिहिलंय. भत्ता काम शोधणाऱ्याला असतो. तुम्ही काम शोधताय का?"

"शोधतोय."

"मग काम सुटल्यापासूनच्या या पाच आठवड्यांत कुठे कुठे शोधलंत, ते सांगा."

मी एकही अर्ज केला नव्हता. सत्कार झालेला माणूस पुन्हा नोकरी मागतोय, हे कुणाच्या कानावर जाऊ नये म्हणून फोनसुद्धा केला नव्हता. बाई बोटं कीबोर्डवर ठेवून थांबल्या होत्या. त्यांनी घाई केली नाही आणि त्याचीच मला भीती वाटली.

त्याच संध्याकाळी तीन अर्ज पाठवले. टॅला उपनगरातल्या एका गोदामात रात्रपाळीचा तपासनीस हवा होता, तिथेही. पुढे भत्ता सुरू झाला आणि मुलीचं वर्ष निभावलं. मधले पाच आठवडे मात्र नामंजूर झाले. तसं पत्र आलं. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत सदर व्यक्ती उपलब्ध नव्हती.

बायको म्हणाली, "अपील करा. घरीच तर होतात तुम्ही."

मी अपील केलं नाही. शपथेवर काय लिहून दिलं असतं?