ट्रकवाला पातेल्यात बघत नाही

लोक विचारतात, गुन्ह्यांवरची पुस्तकं लिहायला तुम्ही कुठं शिकलात? मी सांगतो, चहाच्या टपरीवर. माझी शाळा सातवीला सुटली. कृष्णेकाठच्या आमच्या गावात बाप लूमवर होता, मग मीही सुताच्या कांड्या भरायला लागलो, आणि पुढं लूम दुरुस्त करणाऱ्या एका जॉबरच्या मागून बुऱ्हाणपूरला आलो. लोधीपुऱ्यात खोली मिळाली. कारखान्यात वाचता येणारे पुष्कळ होते, पण मोठ्यानं वाचायची हौस मला एकट्याला. चहाच्या सुट्टीत मी पेपर वाचायचो आणि सगळ्यांना हव्या असायच्या फक्त भानगडीच्या बातम्या. कुणी लाच घेताना सापडला, कुणी आतली माहिती बाहेर दिली. बातमी संपली की म्हातारे कारागीर विचारायचे, "फिर? पुढं काय झालं?"

पेपरात पुढचं नसायचं. मला उगाच ओशाळल्यासारखं व्हायचं, जणू अर्धं मीच खाल्लं. म्हणून लूमच्या सुट्टीच्या वारी मी कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसायला लागलो. पुढं काय झालं ते ऐकायचं आणि टपरीवर येऊन सांगायचं. तिथूनच पहिलं पुस्तक निघालं. एका कार्यालयातला कारकून फोनवरच्या गोड आवाजाला भुलला आणि जिचं तोंडही पाहिलं नव्हतं तिला आतले कागद पाठवत राहिला. देशाशी गद्दारी केली म्हणून पेपरवाल्यांनी त्याला एका दिवसात संपवला. मी त्याच्या आईच्या घरी जाऊन बसलो. पुण्याच्या एका प्रकाशनानं ते पुस्तक काढलं. तिथल्या संपादकबाईंनी माझं ऱ्हस्व-दीर्घ सगळं सुधारलं आणि वाक्यं मात्र होती तशी ठेवली. त्या बाईंचे आणि या गावाचे उपकार मी रोज आठवतो. आणि रोज भितोही, की एक दिवस कुणीतरी येईल आणि म्हणेल, चल, ऊठ, ही जागा तुझी नाही.

शाळा कमी म्हणून एक सवय लागली, ती अजून सुटलेली नाही. लिहिलेलं मला कानानं ऐकल्याशिवाय खरं वाटत नाही. ज्या माणसानं मला माहिती दिली त्याला त्याचं प्रकरण मी छापायच्या आधी वाचून दाखवतो. या सवयीनंच एका बाईला वाचवलं. तिची हकीकत आज लिहितोय, कारण खानावळ मोडून ती लेकीकडे राहायला गेली आणि तिनंच सांगितलं, आता लिही.

तिसऱ्या पुस्तकाचा विषय वादळाच्या नुकसानभरपाईचा होता. वादळ झालं की तापीकाठच्या केळीच्या बागा आडव्या होतात. सरकारी माणसांनी बागेत जाऊन पंचनामा करायचा आणि मग मदत मिळायची. इथं झालं उलटं. उभ्या बागा आडव्या दाखवल्या, आडव्या बागा उभ्या. टोळी मोठी होती आणि तिचे कान गावोगाव होते. न्हाव्याकडे, केळी भरायच्या काट्यावर, पानाच्या ठेल्यावर. कोण तक्रार करणार, कोण लेखकाशी बोलला, संध्याकाळच्या आत वर पोचायचं. एका शेतकऱ्याशी मी बांधावर दहा मिनिटं बोललो, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या विहिरीची मोटर जळालेली. त्यानंतर मी बांधावर जाणं बंद केलं. फक्त जेवायला जायचो.

खाकनारच्या बाजूला सडकेवर एका बाईची खानावळ होती. बुऱ्हाणपूरला नवीन होतो तेव्हापासून मी तिथं जेवायचो. हातात काम नव्हतं तेव्हाही तिनं मला कधी उपाशी उठू दिलं नाही. सगळे तिला मावशी म्हणायचे, मीही. पंचनाम्याचे साहेब दुपारी तिच्याकडेच यायचे. जेवायचे, ताटं उचलायला लावायचे आणि त्याच टेबलावर कागद पसरायचे. एक विचारायचा, किती झाडं पडली? दुसरा म्हणायचा, "लिख ना, अपने मन से." कागदावर त्या वेळी ते तापीपलीकडच्या बागेत उभे असायचे. हे सगळं मावशीनं ऐकलं आणि ताक वाढता वाढता मला सांगितलं.

ते साहेब रोज तिच्याच दारात येणार होते. बाई बोलली हे त्यांना कळलं असतं तर खानावळ राहिली नसती आणि ती एकटी राहायची. म्हणून पुस्तकात मी तिचा ट्रकवाला केला. उत्तरेतून केळी भरायला आलेला, शेजारच्या टेबलावर जेवत बसलेला, पुन्हा कधी या सडकेला न दिसणारा. मला ही युक्ती फार आवडली होती.

प्रकरण पुण्याला गेलं. पानं लागत आली. मग एका दुपारी मावशी भांडी घ्यायच्या निमित्तानं शहरात आली आणि माझ्या खोलीवर आली. लोधीपुऱ्यात बोलायची भीती नाही, चारी बाजूंनी लूम वाजत असतात. त्या आवाजात ऐकू जाईल असं बोलायला मी लहानपणीच शिकलो होतो. दार लावलं, कडी दोनदा पाहिली आणि वाचायला घेतलं.

ती भिंतीला टेकून ऐकत होती. ट्रकवाला आला तेव्हा हसली. "मिशा बी ठेवल्या का मले?"

"ठेवल्या. झुपकेदार."

"ठेव, ठेव. पुढं वाच."

मी वाचत गेलो. ज्वारी आणि उडदाच्या कळण्याची भाकरी, तव्यावर टाकताना तिच्या कडेला पडणारी चीर, अंबाडीची भाजी, आणि मोठे साहेब आले की तिच्यावर दुसऱ्यांदा पडणारी लसणाची फोडणी. मी ते फार मनापासून लिहिलं होतं. परक्या मुलखात त्या भाकरीनं मला धरून ठेवलं होतं, आणि पुस्तकात तिला जागा देणं म्हणजे माझ्या परीनं फेड होती.

मावशी हसायची थांबली होती. "थांब. हे कोण सांगू राहिला? तुहा ट्रकवाला?"

"हो."

"त्याले काय ठाऊक फोडणी दोनदा पडली? तो चुलीजवळ बसेल होता का माह्या?"

मी कागद खाली ठेवला.

"अरे भाऊ, ट्रकवाला ताटात पाह्यते, पातेल्यात नाही पाहत. त्याले भाकरी कळत नाही, कळणं काय कळीन? हे वाचलं की त्या मोठ्या साहेबाले एका घासात समजीन, हे चुलीजवळच्या बाईनं सांगेल हाय. मिशा लावून काय फायदा?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. पण पदर तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. हेरगिरीवर एक अख्खं पुस्तक लिहून झालेला माणूस मी. तिचा वेष बदलला आणि नजर बदलायची राहिली.

मी म्हटलं, "सगळं प्रकरणच काढतो."

"काहून? साहेब खोटं लिहीत होते ते खोटं हाय का?"

"नाही."

"मग ते राहू दे. फक्त मले काढ. बराबर काढ."

मी लगेच पुण्याला फोन लावला. मावशी समोर बसूनच होती. संपादकबाई म्हणाल्या, "अहो, काय बोलताय? पानं उद्या छपाईला चाललीत. आणि ती भाकरीची जागा वाचताना माझ्या तोंडाला पाणी सुटलं. नेमकी तीच काढायची?"

"बाई, पाणी सुटतं तीच अडचण आहे. खाणाऱ्याच्या तोंडून येत नाही ते, करणाऱ्याच्या हातून येतंय."

त्यांनी विचारलं, "कुणाला धोका आहे का?"

"आहे. समोर बसलीये."

"मग थांबवते. पण लवकर द्या, आणि नवीन लिहिलेलं मला फोनवर वाचून दाखवा."

दुसऱ्या दिवशी मी देडतलाईला गेलो. तिथं केळीचे ट्रक भरत होते. ट्रकवाल्यांमध्ये बसलो, त्यांच्याबरोबर चहा प्यायलो, त्यांच्याच टायरवर टेकलो. एकाला विचारलं, काल दुपारी काय जेवलात? तो आठवत राहिला. "रोटी थी. काली-सी." आणि भाजी? "हरी. खट्टी." मग त्याला एकदम आठवलं की पंखा बंद होता, शेजारचा माणूस सारखा फोनवर ओरडत होता आणि गाडी लावायला सावली नव्हती. या तक्रारी तो न थांबता अर्धा तास सांगत होता.

तेच मी लिहिलं. काळपट रोटी, आंबट हिरवी भाजी, बंद पंखा. गाडीवर ऊन येतंय म्हणून चिडलेला माणूस, आणि शेजारच्या टेबलावर कागद पसरून बसलेले लोक, ज्यांच्यामुळे त्याला टेबल बदलावं लागलं. वाढणारी बाई त्यात कुठं नव्हतीच. फोनवर वाचून दाखवलं तेव्हा संपादकबाई म्हणाल्या, "आधीचं जास्त चवदार होतं." मी म्हटलं, "हो." त्यांनी छापायला दिलं.

पुस्तक आलं. आधी इथल्या लोकांनी वाचलं, मग भोपाळपर्यंत त्याची चर्चा गेली, चौकशी लागली. चौकशी चालू राहिली, चौकशा चालतात तशी. पण पुढच्या वादळानंतर पंचनामा करायला माणसं खरोखर बागेत उतरली, चिखलात बूट रुतवून. हे मी स्वतः पाहिलं. माझं काम मला येतं, असं त्या दिवशी मला पहिल्यांदा कुणाला न विचारता वाटलं.

पुस्तक आल्यावरचे पहिले काही दिवस मात्र वाईट गेले. मी खानावळीकडे फिरकत नव्हतो, आणि फोन वाजला की दचकत होतो. मग एका सकाळी मावशीचाच फोन आला.

"आले होते," ती म्हणाली.

"कोण? साहेब?"

"हाव. तिघं. जेवले. पुस्तक घेऊन आले होते संग. एक म्हणे तो ट्रकवाला इंदोरचा होता, दुसरा म्हणे नाही, तो पंजाबचा, मिशावाला, मले आठवते. भांडले आपसात."

"आणि तुम्हाला काही विचारलं?"

"विचारलं ना. मावशी, असा कोणी ट्रकवाला आठवते का? मी म्हटलं, साहेब, ढीगभर येतात, कोणाचं तोंड आठवू? मग मोठा साहेब म्हणे, तू तर काही ऐकलं नव्हतं ना? मी म्हटलं, मी चुलीजवळ, डोळ्यात धूर, मले काय ऐकू येते?"

"पटलं त्यांना?"

"पटलंच. इतके दिवस जेवला माह्या हातचं, एकदा तरी वर पाह्यलं का त्यानं माह्याकडे?" मग ती कुणाला तरी ओरडली, बस रे, वाढते, आणि फोन ठेवला.