एका दिवसाची अर्काबाई

घनसावंगीच्या स्टँडवर आईनं माझ्या बॅगेची चेन दोनदा ओढून पाहिली आणि हळूच म्हणाली, "तिकडं कोणी विचारलं तर लग्न झालंच न्हाई म्हण." माझं लग्न आठ महिने टिकलं होतं. नर्सच्या नोकरीसाठी मी जर्मनीला निघाले होते. तिथं कोण विचारणार होतं? पण आईचं ते वाक्य माझ्यासोबत विमानात बसलं.

इथं जर्मनीत फॉर्मवर 'घटस्फोटित'च्या चौकोनात खूण केली, विषय संपला. घरी मात्र त्या आठ महिन्यांचं नाव कोणी काढत नाही. अल्बमसुद्धा कुठं गेला कोण जाणे. म्हणून आमच्या वंशावळीच्या वहीत अर्काबाई भेटली, तेव्हा मी तिला सोडलंच नाही.

पणजोबांच्या चार बायका आजोबांनी त्या वहीत ओळीनं लिहून ठेवल्यात. पहिल्या दोघी बाळंतपणात गेल्या, चौथी आमची पणजी. मध्ये एवढंच: "तिसरी अर्का. विवाह व अंत एकाच दिवशी." माहेर नाही, कारण नाही. माझी खात्रीच झाली, हिला विहिरीत ढकललं असणार.

तीन सुट्ट्या घालवल्या मी तिच्यापायी. मंठ्याला नात्यातल्या म्हाताऱ्यांना भेटले. जुन्या जालन्यात उर्दू येणारे एक रिटायर्ड मास्तर गाठून निजामाच्या वेळचे घरचे कागद वाचून घेतले. सगळे जमिनीचे, अर्का कुठंच नाही. घरी विचारलं की आई म्हणायची, "मेल्या माणसाचं काय उकरून राह्यलीस?" असला संताप यायचा!

यंदा दिवाळीत मी वडिलांच्या चुलतभावाशी, नानाकाकांशी भांडलेच. वही त्यांच्याच कपाटात असते. म्हटलं, "एका बाईचा जीव घेतला तुमच्या घराण्यानं, आणि तुम्ही गप्प?"

काका ठसका लागेस्तोवर हसले. "अगं येडे, बाई कुठली? रुईचं झाड होतं ते! दोन बायका गेल्या की तिसरी लाभत न्हाई म्हणायचे. मंग शिवंवरच्या रुईला माळ घालायची, ती तोडायची, न् नवरी आणायची चौथी म्हणून. तुझ्या आजोबाला संस्कृतचा लई सोस, रुईचं अर्का केलं त्यांनी."

लहानपणी दर शनिवारी मारुतीसाठी रुईच्या पानांची माळ मीच ओवायचे. मला हसू आलं नाही. तीन सुट्ट्या मी एका झुडपाच्या बाजूनं भांडत होते.

"झुडपाला वहीत जागा आहे, मग मी कुठं आहे?"

"लेकीचं कुठं लिहीत असत्यात?" काका म्हणाले. खरंच होतं. वही पालथी घातली, एकही मुलगी नाही.

मी वडिलांच्या नावाखाली माझं नाव लिहिलं. पुढं लिहिलं: "विवाह आठ महिने. हयात आहे."

काकांनी वही परत कपाटात ठेवली. आई तेवढी म्हणाली, "पेननं कशाला लिहिलंस? पेन्सिल होती की घरात."

घर म्हणजे आता माझ्यासाठी ती एक ओळ. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मी आधी तेच विचारते, आहे ना अजून? आणि आई वैतागून म्हणते, "हाय गं बाई, हाय. सकाळीच पाहून आल्ते."