सरूबाईनं चिकटवलेलं लाइटबिल

पुंडलिकनगरात सरूबाईची पिठाची गिरणी आहे, अन् बाईला चौकशीची भारी खोड. दळण होईपर्यंत समोरच्याचं सगळं घर विचारून घेणार! यंदा महापालिकेच्या मतदानाच्या तोंडावर तिला एकच कोडं पडलं होतं. लाइटबिलाला शिव्या घालणारी ही माणसं मत कुणाला देणार?

तिच्या मागं काळजीही तशीच होती. गिरणीचं बिल एवढं चढलं की किलोमागं दोन रुपये वाढवावे लागले. तेव्हापासून रोजच्या चाळीस डब्यांचे पंधरा झाले. घ्या, वड्याचं तेल वांग्यावर! असंच चाललं तर गिरणी बंद पडणार होती. नवऱ्यानं, काकासाहेबानं, गिरणीच्या मोटरीला गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं.

सरूबाई कुठली ऐकते? तिनं पिठाची खळ शिजवली अन् बिल भिंतीला चिकटवून टाकलं. बघा म्हणावं, मी काय हौसेनं भाव वाढवला नाय!

एक उमेदवार हात जोडत आला, त्यानंही ते वाचलं.

"युनिटचा भाव कोण ठरवतं हो दादा?" सरूबाईनं विचारलं.

"ते वरून येतं, मावशी."

वरून म्हणजे कुठून, हे तिनं विचारेस्तोवर तो पत्रक ठेवून सटकला.

मागच्या गल्लीतली लक्ष्मीबाई मात्र बिल वाचून कडाडली, "आमचंबी असंच आलंय! यंदा दाखवतेच एकेकाला!" सरूबाईला लई बरं वाटलं. चला, राग कुठं काढायचा ते लोकांना कळलं म्हणायचं. त्यानंतर लक्ष्मीबाईचा डबा काही आला नाय. गावाला गेली असंल, असं तिनं धरलं.

मतदानादिवशी शाळेबाहेर दोघींची गाठ पडली.

"कुणाला दिलंस गं?" सरूबाईला दम निघेना.

"नेहमीच्यालाच. आमच्या घरात ठरलेलंय ते."

"अन् बिलाचा राग?"

"काढला की! एवढं बिल भरतीस म्हंजी कमाई लई दिसती तुझी. पलीकडच्या गिरणीवर जातो आता आम्ही."

"तिथं भाव कमी हाय?" सरूबाईनं विचारलं.

"नाय, तोच हाय. पण सरकारचं दार आम्हाला कुठं घावतंय बाई? तुझी गिरणी गल्लीत हाय."